बहीण म्हणते ताऱ्यांवर पीएच.डी. करायची, घर कसं चालायचं?

पत्र

ताई, नमस्कार. मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातला, वसमत तालुक्यातला. सध्या चाकणला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. सहा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून कामाला लागलो. धाकटी बहीण आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. दहावीपर्यंत मराठी माध्यम. हुशार आहे, पहिली-दुसरी येते. औंढा नागनाथला लायगो, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र, येणार म्हटल्यापासून आणि कॉलेजात त्यावर व्याख्यान झाल्यापासून तिच्या डोक्यात एकच खूळ आहे. तारे जन्मतात कसे, म्हातारे होतात कसे आणि मरतात कसे, याचाच अभ्यास करणार म्हणते. आई म्हणते बी.एड. कर, स्थळंही यायला लागलीत. मामा म्हणतात एमपीएससी. मला तिचं मन मोडायचं नाही. पण माझ्या हातात बत्तीस हजार येतात, त्यातून खोलीभाडं आणि घरी पाठवायचे पैसे. अजून किती वर्षं शिकवावं लागेल? शेवटी नोकरी असते का? रात्री-बेरात्री डोंगरावर दुर्बिणीपाशी एकट्या मुलीनं राहायचं, हे आईला पटणार नाही. आणि खरं विचारायचं तर, ताऱ्यांचा अभ्यास करायला पगार देतं कोण?
— एक भाऊ, चाकण

उत्तर

नमस्कार दादा,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मलाही जन्मभर विचारला गेलाय. मी ताराभौतिकीत, म्हणजे ताऱ्यांच्या अभ्यासात, काय काम करते हे माझ्या आईला शेवटपर्यंत नीटसं उमगलं नाही. ती वाड्यात सांगायची, "पोरगी वेधशाळेत आहे." मग जूनमध्ये शेजारी मला पाऊस कधी लागणार ते विचारायचे. एक काकू तर मुलाची पत्रिका घेऊन आल्या होत्या. मी दोन्ही बाबतीत निरुपयोगी ठरले.

पगार सरकार देतं. पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाची. मुंबईची टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, आणि तिचंच पुण्यातलं रेडिओ खगोलाचं केंद्र अणुऊर्जा विभागाचं. बेंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था आणि नैनितालची एरीज ही खगोलसंस्था विज्ञान-तंत्रज्ञान विभागाकडे. शिवाय आयसर नावाच्या विज्ञान संस्था, काही आयआयटी आणि विद्यापीठं. रेल्वेच्या किंवा बँकेच्या जागा निघतात तशा या जागा शेकड्यांनी निघत नाहीत. त्या विषयावर पुढे येतेच.

आधी तुमच्या खिशाचा हिशेब, कारण पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटतं तुमची खरी झोप त्यानं उडालीय. तुम्ही मनात दहा-बारा वर्षांचा खर्च धरून बसला आहात. तसं नाही. घरून पैसे लागतील अशी वर्षं दोनच : एम.एस्सी.ची. त्यानंतर पीएच.डी. म्हणजे फी भरायचं शिक्षण नव्हे, तिथे दरमहा पैसे मिळतात. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि पुढे 42,000 रुपये. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. म्हणजे बावीस-तेवीसाव्या वर्षी तुमची बहीण तुमच्या आजच्या पगाराहून जास्त घरी आणू शकते. मोठ्या संस्था आपल्या विद्यार्थ्यांना साधारण याच दरानं फेलोशिप देतात.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला, फेलोशिप दर महिन्याला ठरल्या तारखेला येईलच असं नाही. तीन-चार महिने तुंबून एकदम आलेली मी पाहिलीय, तेवढी गंगाजळी हाताशी हवी. दुसरा अधिक महत्त्वाचा : फेलोशिप नसलेली पीएच.डी. घ्यायची नाही. "आधी नाव नोंदव, पैशाचं पुढे बघू" असं कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही. गुरुजींच्या विद्यार्थ्यांची यादी वाढते आणि मुलीची पाच वर्षं जातात.

आता ती नेमकं काय करणार, ते सांगते. सूर्याचं वय 460 कोटी वर्षं, आणि अजून सुमारे पाचशे कोटी वर्षं त्याच्या पोटातला हायड्रोजन पुरेल. एखादा तारा जन्मापासून मरेपर्यंत पाहत बसणं कोणाच्याच आयुष्यात शक्य नाही. मग आम्ही काय करतो? मार्गशीर्षात संध्याकाळी गावाकडे पूर्वेला कृत्तिकांचा झुपका दिसतो ना, तो शाळेतला एक वर्ग समजा. सगळी मुलं एकाच सुमारास जन्मलेली, फरक फक्त वजनात. आणि ताऱ्यांत गंमत अशी की ज्याचा डबा मोठा, त्याचाच तो आधी संपतो. जड ताऱ्याकडे इंधन जास्त असतं, पण तो ते इतक्या सपाट्यानं जाळतो की सूर्याच्या दहापट वजनाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत आटोपतो; सूर्याला हजार कोटी मिळतात. कृत्तिकांचं वय दहा कोटींच्या आसपास, म्हणून त्या वर्गातली सगळ्यात जड मुलं आधीच निघून गेलीत. कर्क राशीत एम-67 नावाचा पुंज आहे, वय सुमारे चारशे कोटी. तिथे सूर्याहून थोडेसेच जड तारे आता म्हातारपणाकडे वळलेत. असे वेगवेगळ्या वयाचे वर्ग शेजारी शेजारी ठेवले की एका ताऱ्याची आख्खी जिनगानी वाचता येते. गाया नावाच्या युरोपीय यानानं 2013 ते 2025 या काळात आकाशगंगेतल्या 180 कोटींच्या आसपास ताऱ्यांची नोंद केलीय. ती माहिती फुकट आहे, वसमतमधल्या माणसालाही.

हा झाला पाहण्याचा भाग. दुसरा भाग गणिताचा, आणि बहुतेक तरुणांचे दिवस त्यातच जातात. तारा कांद्यासारखा हजारभर पापुद्र्यांत कापायचा. प्रत्येक पापुद्र्याचा दाब, तापमान, घटक, त्यातून बाहेर जाणारी ऊर्जा मांडायची, आणि काळ एक पाऊल पुढे सरकवायचा. पुन्हा मांडायचं. यासाठी मेसा नावाचा संगणक प्रोग्रॅम जगभर वापरतात, तोही फुकट आहे. रात्री दोन वाजता तो बंद पडतो. तारा तांबडा राक्षसी होण्याच्या, म्हणजे म्हातारपणी फुगण्याच्या, ऐन बेतात असतो, पावलं इतकी बारीक होतात की गणित पुढे जायला तयार नसतं, आणि चूक कुठे आहे ते सांगणारं कोणी नसतं. एक आतली गोष्ट सांगते : ताऱ्याच्या पोटात उकळी फुटते, भाताच्या पातेल्यात फुटते तशी. ती उकळी ऊर्जा किती वाहून नेते, हे आम्ही अजूनही एका जुगाडू आकड्यानं सांगतो. तो आकडा सूर्यावर जुळवून घ्यायचा आणि मग बाकी ताऱ्यांना लावायचा. शंभर वर्षांच्या शास्त्राच्या मुळाशी अशी एक कच्ची वीट आहे. हे ऐकून तुमच्या बहिणीचे डोळे चमकले तर बरं लक्षण. हिरमुसली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

औंढ्याचं म्हणाल, तर तिचं खूळ अजिबात भलतीकडे गेलेलं नाही. व्याख्यानात तिला सांगितलं असेलच. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती, एक सूर्याच्या 36 पट, दुसरं 29 पट वजनाचं. लहर सापडल्याचा आनंद भौतिकशास्त्रज्ञांना झाला; आम्हा ताराभौतिकीवाल्यांना घाम फुटला. तोवर ताऱ्यांच्या मरणातून उरलेली जी कृष्णविवरं आम्ही मोजली होती, ती बहुतेक सूर्याच्या वीस पटींच्या आतली. छत्तीस आलं कुठून? जड तारे आयुष्यभर स्वतःतून सुटणाऱ्या वायूच्या वाऱ्यानं आपलंच अंग उडवत असतात, मरताना इतकं वजन शिल्लक राहायला नको. मग लक्षात आलं की ज्या ताऱ्यांत लोखंडासारखी जड मूलद्रव्यं कमी, त्यांचा वारा दुबळा, म्हणून त्यांचं वजन टिकतं. म्हणजे चार किलोमीटरच्या दोन भुजांचं ते यंत्र औंढ्याला उभं राहील तेव्हा त्यात जे ऐकू येईल, त्याचा अर्थ लावायला ताऱ्यांची उत्क्रांती शिकलेली माणसंच लागणार. केंद्र सरकारनं 2023 मध्ये त्यासाठी सुमारे 2600 कोटी मंजूर केलेत, बांधकामाला वेळ लागेल. तिथे आपल्याला आयती नोकरी मिळेल असं मात्र तिनं धरून चालू नये. जमीन आपल्या जिल्ह्याची म्हणून यंत्र आपलं, असं या धंद्यात होत नाही.

डोंगरावरच्या रात्रींची काळजी आईंना करायला नको. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर भारताची दोन मीटरची दुर्बीण आहे. ती चालवतात बेंगळुरूजवळ होस्कोटेतल्या खोलीत बसून, उपग्रहामार्फत. तमिळनाडूत कावलूरला किंवा उत्तराखंडात देवस्थळला जावं लागलं तर तिथे राहायची सोय आहे, तंत्रज्ञ असतात, मुली सर्रास जातात. खरी अडचण वेगळीच असते. वर्षभर वाट पाहून तीन रात्री मिळतात आणि तिन्ही रात्री ढग.

आता जे तुम्हाला कोणी सांगणार नाही ते.

पीएच.डी. साधारण अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी होते. पुढे कायमची नोकरी लगेच नसते. दोन-तीन वर्षांच्या कराराची कामं असतात, त्याला पोस्टडॉक म्हणतात. एक पुण्यात, दुसरं डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला किंवा जर्मनीत म्युनिकजवळ गार्शिंगला. पैसे बरे मिळतात, पण पाय कुठेच टेकत नाहीत. कायमची जागा मिळाली तर तेहतीस ते छत्तिसाच्या दरम्यान. आणि पीएच.डी. झालेल्या प्रत्येकाला ती मिळत नाही. बहुतेकांना मिळत नाही असंच म्हणते. माझ्यासोबतचे काही आज डेटा सायन्समध्ये आहेत, एक हवामानाच्या मॉडेलांवर काम करते (तिची आई आता खुशाल "वेधशाळेत आहे" म्हणू शकते), दोघे कॉलेजात शिकवतात. उपाशी कोणी नाही. पण मनात ठेवलेलं नाव आणि दारावरची पाटी एक नाही, हे सोपं नसतं.

मी स्वतः दुसरं पोस्टडॉक संपवून परत आले तेव्हा जिथे तोंडी शब्द मिळाला होता तिथली जागा निघालीच नाही. पस्तिसाव्या वर्षी आठ महिने धाकट्या भावाच्या घरी राहिले. त्याची दोन खोल्यांची जागा, त्याचं लहान बाळ. वहिनी कधी एका शब्दानं बोलली नाही, पण भाजी आणायला मी पिशवी उचलली की ती पटकन पैसे पुढे करायची, आणि ते मला बोलण्याहून जास्त लागायचं. म्हणून तुमचं पत्र मी तुमच्या बहिणीच्या बाजूनं जेवढं वाचलं तेवढंच तुमच्याही बाजूनं वाचलं.

तर माझं मत असं. पीएच.डी.पर्यंत तिला जाऊ द्या, त्यात घर बुडत नाही. थांबायचा खरा निर्णय पहिल्या पोस्टडॉकच्या शेवटी असतो, एकतिशीच्या आसपास. तेव्हा हातात चांगले शोधनिबंध नसतील आणि कुठून बोलावणंही नसेल, तर दुसऱ्या, तिसऱ्या पोस्टडॉकच्या मागे धावण्यापेक्षा वळावं. ताऱ्यांच्या प्रेमात पडलेल्यांना ही गोष्ट कळायला फार उशीर होतो, मलाही झाला होता. ही अट आत्ताच तिच्याशी बोलून ठेवा. धमकी म्हणून नको, हिशेब म्हणून.

लोक तुम्हाला श्रीनिवास कुलकर्णींचं उदाहरण देतील. जन्म आपल्या कुरुंदवाडचा, पुढे अमेरिकेत कॅलटेकला, 1995 मध्ये पहिल्या निःसंदिग्ध तपकिरी बटूच्या (तारा होता होता राहिलेल्या गोळ्याच्या) शोधात वाटा, 2024 चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार. अभिमान वाटावा असं काम आहे. पण त्यावरून बहिणीचं भविष्य मोजू नका. सचिनकडे बघून कोणी तालुक्याच्या क्रिकेटपटूचा घरखर्च ठरवत नाही.

मला त्यापेक्षा सेसिलिया पेन या ताराशास्त्रज्ञ बाईंची गोष्ट उपयोगाची वाटते. 1925 मध्ये हार्वर्डला त्यांनी प्रबंध लिहिला. त्यात आपल्या मेघनाद साहांचं 1920 चं आयनीभवनाचं समीकरण (तापलेल्या वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, ते सांगणारं) वापरून ताऱ्यांच्या वर्णपटांतून, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातून, त्यांचे घटक काढले. उत्तर आलं : तारे बहुतांशी हायड्रोजनचे. तेव्हा सगळे मानायचे की तारे पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचे. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या सगळ्यात वजनदार ताराशास्त्रज्ञानं हे अशक्य असल्याचं कळवलं, आणि पेनबाईंनी स्वतःच्याच प्रबंधात लिहिलं की हायड्रोजनचा हा आकडा बहुधा खरा नाही. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेनं त्याच उत्तरावर आले. बाईंना हार्वर्डनं प्राध्यापक केलं ते 1956 मध्ये. बहिणीला ही गोष्ट सांगा, पण प्रेरणेसाठी नव्हे. मार्गदर्शक निवडताना त्याचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत, किती वर्षांत सुटले, त्यांच्या निबंधांवर पहिलं नाव कोणाचं, हे विचारून मगच हो म्हणायचं, यासाठी.

बी.एड.चं म्हणाल, तर ती पळवाट म्हणून ठेवू नका. शिकवायचंच असेल, तर एम.एस्सी. फिजिक्स आणि नेट किंवा राज्याची सेट परीक्षा केली की सीनियर कॉलेजात शिकवण्याची वाट उघडते. पण कायम जागा किती निघतात आणि सीएचबीवर तासाच्या हिशेबानं किती जण वर्षानुवर्षं राबतात, हे तुमच्या तालुक्याच्या कॉलेजातच कळेल. कायम जागा मिळाली तर मात्र तो मार्ग छान आहे. आयुका कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षकांना सहयोगी म्हणून जोडून घेते, ते सुट्ट्यांत येऊन संशोधन करतात. शिकवणं आणि तारे, दोन्ही साधतं. लग्नाबद्दल मी सल्ला देत नाही, एवढंच विचारते की स्थळाला "दोन वर्षं परदेशी जावं लागेल" हे वाक्य आधी ऐकवून झालंय का.

आता कामाचं. एम.एस्सी. फिजिक्सलाच करायची. ऑनलाइन "ॲस्ट्रॉनॉमी डिप्लोमा" वगैरेंवर एक रुपया घालवू नका. क्वांटम यांत्रिकी, सांख्यिकी भौतिकी, अणुकेंद्र भौतिकी, तारा यावरच चालतो. जॅम ही एम.एस्सी. प्रवेशाची परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात. त्यातून आयआयटी आणि इतर चांगल्या संस्थांची दारं उघडतात. नाहीच लागली तर पुण्याचं किंवा नांदेडचं विद्यापीठ, काही बिघडत नाही, पुढे पीएच.डी.साठी मुख्यतः नेट आणि जेस्टसारख्या प्रवेश परीक्षांचे गुण बघतात. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त आयुका सगळ्यांना खुली असते, त्या दिवशी तिला चाकणला बोलवा आणि घेऊन जा. तुम्हीही आत जा, गेटवर थांबू नका. नारायणगावजवळ खोडदलाही जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अजस्र तबकड्या आहेत, एकेक 45 मीटरची. तुमच्यासारख्या मशीनवरच्या माणसाला त्या फिरताना बघायला माझ्यापेक्षा जास्त मजा येईल.

इंग्रजीची भीती तिलाही असणार. रोज बोलायचा सराव वगैरे नको. आठवड्याला एक शोधनिबंध घ्यायचा, फक्त सारांश वाचायचा आणि तो आपल्या शब्दांत एका पानावर लिहायचा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. वर्षभरात फरक पडतो. या धंद्यात फाडफाड बोलणाऱ्यापेक्षा सरळ लिहिणाऱ्याचं जास्त चालतं.

आणि निर्णय घेण्याआधी तिची एक परीक्षा घ्या, फी नाही. मेसाची ब्राउझरमधून चालणारी आवृत्ती आहे. तिला सांगा, सूर्याएवढा एक तारा चालव आणि पाचपट जड दुसरा. मग गायाच्या माहितीतून कृत्तिकांचे तारे काढ आणि त्यांचा रंग एका अक्षावर, तेज दुसऱ्या अक्षावर मांड. पहिल्यांदा तिचा आलेख भलताच येईल, कारण त्या दिशेला दिसणारे पण कृत्तिकांचे नसलेले शेकडो तारे त्यात घुसतील. ते निवडून काढायला तिला तीन आठवडे लागले आणि चौथ्या आठवड्यात ती आपणहून तुम्हाला फोन करून सांगायला लागली, की दादा, हे तारे चालीवरून ओळखता येतात, एका दिंडीतले सगळे एकाच वेगानं चालतात, तर तिला अडवू नका. कंटाळून सोडून दिलं तर तिला तारे आवडतात, ताऱ्यांचं काम आवडत नाही. त्यासाठी नोकरी लागत नाही, एक गच्ची पुरते.

यासाठी लॅपटॉप लागेल. सेकंडहँड चालतो, नव्यावर पैसे घालू नका. फक्त रॅम सोळा जीबी आहे का ते बघून घ्या आणि बॅटरी दुकानातच चालवून पाहा. आणि तुमच्या डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यावर राहिलं, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. ते पूर्ण करता येईल का, याची चौकशी केलीत का? पुढच्या पत्रात तेवढं लिहा.

— ताई